कोकणातली दीपगृहं : संध्याकाळी चढा, रात्री तिथेच राहा

कोकणातल्या बहुतेक दीपगृहांत पाहुण्यांना दिवसातून एकदाच वर सोडतात, तेही साधारण संध्याकाळी चार ते साडेपाचच्या मधल्या तासा-दीड तासात. सहलीचा सगळा आराखडा या एका गोष्टीवरून ठरतो. सकाळी अकराला फाटकाशी पोचलात तर कुलूप दिसेल, आणि ‘एवढ्या लांबून आलोय’ म्हणून ते उघडणार नाही. कारण साधं आहे. लाइटकीपरची रात्रपाळी झालेली असते, सकाळी भिंगाची आणि काचांची सफाई असते, जनरेटर, बॅटऱ्या, रेडिओ यंत्रणा यांची तपासणी असते, आणि सूर्यास्ताला दिवा लागायच्या आत पाहुणे खाली उतरलेले हवे असतात.

म्हणजे एका दिवसात एकच दीपगृह. ‘आज चार करू’ असं ठरवून निघालेल्यांना तीन ठिकाणी कुंपणाबाहेरून फोटो काढावे लागतात. दुसरी गोष्ट, दीपगृह बांधलेलं असतं रात्रीसाठी. उजेडी वर चढून आलात तर यंत्र पाहिलंत. ते काय काम करतं हे अंधार पडल्यावर, दूरच्या वाळूत उभं राहूनच दिसतं. म्हणून आमचा आग्रह एकच: संध्याकाळी चढा, आणि त्याच रात्री त्याचा झोत दिसेल अशा ठिकाणी मुक्काम करा.

निघण्याआधी

भारतातली दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपस्तंभ आणि दीपपोत महासंचालनालयाच्या ताब्यात आहेत. त्याचं मुख्यालय नोएडाला आहे आणि कोकणपट्टीसाठी मुंबईत प्रादेशिक कार्यालय आहे. खर्च मुख्यतः भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून घेतल्या जाणाऱ्या दीपशुल्कातून चालतो, त्यामुळे पाहुण्यांचं तिकीट किरकोळ असतं. कॅमेऱ्याचे पैसे बहुधा वेगळे घेतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा. डोंगराच्या टोकावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि मग ऑनलाइन पैसे देणं अडतं. प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर असू द्या.

१९२७ च्या जुन्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. जुनी दीपगृहं वारसा म्हणून जाहीर करून शिक्षणासाठी आणि पर्यटनासाठी विकसित करण्याची तरतूद त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं उद्घाटन झालं. त्यामुळे काही ठिकाणी आता बाग, बाकं, स्वच्छतागृह दिसतं, तर काही ठिकाणी अजून नुसता गंजलेला दरवाजा आणि वहीत नाव लिहून घेणारा एक माणूस. दोन्हीची तयारी ठेवा.

इंटरनेटवर दिलेल्या वेळा जुन्या असू शकतात. रंगकाम, यंत्रदुरुस्ती, वरिष्ठांची पाहणी, किनाऱ्यावरचा सुरक्षेचा इशारा, सोसाट्याचा वारा, यांपैकी कशानेही पाहुण्यांना बंदी होते. सगळ्यात भरवशाची चौकशी म्हणजे जिथे राहणार आहात त्या घरच्या माणसाला फोन करणं. ‘लाइटहाउस चालू आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येईल, कारण दिवा रोज चालूच असतो. ‘या आठवड्यात माणसं वर सोडतायत का, आणि किती वाजता?’ असं विचारा. शाळेची सहल, छायाचित्रणाचा मोठा गट किंवा अभ्यासाचं काम असेल तर संचालनालयाकडे आधी लेखी अर्ज करावा. दारात येऊन विनवणी करून लाइटकीपरला अडचणीत आणू नये. ड्रोन तर परवानगीशिवाय पिशवीतूनही काढू नका.

दीपगृह गडावरच का

कोर्लई, कनकदुर्ग, रत्नदुर्ग, देवगड, आग्वाद, खांदेरी: इथली दीपगृहं एक तर गडाच्या आत आहेत, नाही तर गडाच्या अंगाला खेटून. ज्या टोकावरून खाडीचं तोंड आणि येणारी गलबतं दिसतात तिथे गड बांधले गेले. दिव्यालाही नेमकं तेच टोक लागतं.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. कोकणातले बरेच मनोरे बुटके आहेत आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा थोडा विरस होतो. पण जहाजाच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती समुद्रसपाटीपासूनची दिव्याची उंची. ती कड्याने फुकट दिलेली असते. मुंबईच्या दक्षिण टोकाजवळच्या प्राँग्ज रीफवर उलट स्थिती. तिथे पायाखाली फक्त पाण्यात बुडणारा खडक, म्हणून १८७५ चा तो मनोरा चाळीस मीटरच्या वर न्यावा लागला. (तो लष्करी हद्दीपलीकडे आहे, सहलीच्या यादीत धरू नका.)

दिवा किती लांबून दिसेल याचा हिशेब तुम्हालाही करता येतो. दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.०८ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तुमच्या डोळ्यांच्या उंचीचंही तसंच करून दोन्हीची बेरीज करा. दिवा १०० मीटरवर आणि तुम्ही पाण्यापासून ४ मीटरवर उभे असाल तर २०.८ अधिक ४.२, म्हणजे २५ सागरी मैल, सुमारे ४६ किलोमीटर. ही झाली पृथ्वीच्या गोलाईने घातलेली मर्यादा. दिव्याची ताकद आणि हवेतला धुरकटपणा यांची मर्यादा वेगळी, आणि या दोहोंत जी कमी ती खरी.

वर चढताना

चारला दहा मिनिटं कमी असताना फाटकाशी या. गट मोठा असेल तर सहा-सात जणांच्या तुकड्या करून सोडतात, कारण वरच्या सज्जात तेवढीच जागा असते. पाण्याची बाटली, खाऊ, मोठ्या पिशव्या खालीच ठेवा. हात दोन्ही मोकळे हवेत.

जिना गोल असेल तर बाहेरच्या भिंतीच्या अंगाने चढा. पायरी तिथे रुंद असते आणि पूर्ण पाऊल मावतं. मधल्या खांबाच्या बाजूला पायरी निमुळती होते, घसरणारे तिथेच घसरतात. वरून माणसं येत असतील तर टप्प्यावर थांबा, अर्ध्या वाटेत वाट काढू नका. शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी लोखंडी शिडीचा असतो, जवळजवळ उभा, आणि तो एका चौकोनी झडपेतून वर निघतो. चढताना डोक्यावरच्या लोखंडी कडेकडे लक्ष ठेवा. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरा, पाठ करून उतरू नका. साडीचा घोळ, ओढणी, लांब पट्टा असलेली कॅमेऱ्याची पिशवी या शिडीत अडकतात. चप्पल सटकते, पट्ट्यांचे सँडल किंवा रबरी तळव्याचे बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी शिडीखालच्या खोलीपर्यंत यावं. तिथल्या खिडकीतूनही समुद्र चांगला दिसतो. कडेवरचं मूल घेऊन शिडी चढायची नाही, ते तिथेच कुणाजवळ तरी ठेवा.

वरच्या काचेच्या खोलीत पाहण्यासारखं सगळ्यात मोलाचं म्हणजे भिंग. जुन्या पद्धतीचं असेल तर ती एकसंध काच नसते. मधे फुगीर गोल भिंग, त्याभोवती एकात एक बसवलेली काचेची कडी, आणि वर-खाली तिरक्या लोलकांच्या रांगा, हे सगळं पितळी चौकटीत. फ्रान्समधल्या ओग्युस्तँ फ्रेनेलने १८२० च्या दशकात ही रचना आणली. दिव्याचा जो प्रकाश छताकडे आणि जमिनीकडे वाया गेला असता, तो लोलकांनी वळवून एका आडव्या झोतात गोळा करायचा, एवढीच युक्ती. पण तिच्यामुळे छोट्या दिव्याचा झोत क्षितिजापर्यंत जाऊ लागला. अशा फिरत्या भिंगात आतला दिवा सतत पेटलेलाच असतो. फिरतं ते भिंग, आणि त्यावर जितके फुगीर गोल तितके झोत. बाहेर दिसणारी उघडझाप त्या फिरण्यातून होते. नव्या एलईडी दिव्यांत मात्र दिवा स्वतःच लागतो आणि विझतो.

लाइटकीपरला दोन प्रश्न जरूर विचारा: भिंग कशावर फिरतं, आणि वीज गेली तर काय होतं. जुन्या मोठ्या भिंगांना पाऱ्याच्या गोल पात्रावर तरंगत ठेवत, त्यामुळे टनावारी वजन हाताने ढकललं तरी फिरे. वीज नव्हती तेव्हा ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे. मनोऱ्याच्या पोकळीत लोंबतं वजन सोडायचं, ते खाली गेलं की किल्ली फिरवून पुन्हा वर घ्यायचं, रात्रभर. बऱ्याच जुन्या मनोऱ्यांच्या मधोमध मोकळी जागा का असते, त्याचं उत्तर यात आहे. पारा अजून वापरात असेल तर त्या भागाला हात लावू नका. त्याची वाफ विषारी असते.

भिंगाला किंवा काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा झोत पसरवतो आणि तो काढायला पुन्हा सगळी सफाई करावी लागते. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले असतात, ते फोटोसाठी बाजूला करायला सांगू नका. जे भिंग आतला प्रकाश बाहेर एकवटून सोडतं, तेच बाहेरचं ऊन आत एकवटतं. पडदे उघडे राहिले तर दिव्याची हानी होऊ शकते, आगही लागू शकते.

बाहेरच्या सज्जात दार उघडताच वारा अंगावर येतो. टोपी, सुटा चष्मा, हातातला मोबाइल जपा. मोबाइलला मनगटात अडकवायची दोरी असेल तर उत्तम, कारण खाली पडलेली वस्तू थेट कड्यावर जाते. लोखंडी कठडा खारट हवेने आतून कुजलेला असू शकतो. त्यावर रेलायचं नाही. पंधरा मिनिटं पुरतात. त्यात एक काम करा: रात्री तुम्ही जिथे उभे राहणार आहात तो किनारा वरून शोधून ठेवा. तुम्हाला तो सरळ दिसला तर तिथून दिवाही दिसेल.

रात्रीचा अभ्यास

दिवा सूर्यास्ताच्या सुमारास लागतो. कोकणात डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, मे महिन्यात सातला. त्यानंतर पाऊण तासाने बाहेर पडा, म्हणजे पुरेसा काळोख झालेला असतो.

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते, आणि शेजारच्या दोन दीपगृहांची सारखी नसते. खलाशी त्यावरूनच ओळखतो की समोर जयगड आहे की रत्नागिरी. ही माहिती डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या दिव्यांच्या यादीत असते. बऱ्याच ठिकाणी दारातल्या फलकावरही लिहिलेली असते. पण आधी स्वतः मोजून मग फलकाशी ताडून पाहण्यात मजा आहे. पद्धत अशी: मोठ्या काळोखाआधी लागोपाठ येणाऱ्या झळाळ्यांचा एक गट. अशा एका गटात किती झळाळ्या येतात ते मोजा. मग एका गटाची पहिली झळाळी दिसताच घड्याळ सुरू करा आणि पुढच्या गटाच्या पहिल्या झळाळीला थांबवा. हा झाला एक फेरा. एकाच फेऱ्यावर विश्वास ठेवू नका. दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन दहाने भागा, म्हणजे बोट दाबण्यातली चूक विरून जाते.

लोक चुकतात ते मोजणं सुरू कुठून करायचं यात. दोन झळाळ्यांच्या गटात त्या दोहोंमधलं अंतर थोडं असतं आणि नंतरचा काळोख मोठा. त्या लहान अंतरालाच फेरा समजलं की आकडा भलताच येतो. दुसरी गफलत म्हणजे दिवाच चुकीचा. मासेमारी बोटींचे पांढरे दिवे हलत असतात, मोबाइल टॉवरचा लाल दिवा एका लयीत मिचकतो, खाडीच्या तोंडाशी मार्ग दाखवणारे तरंगते दिवे लाल-हिरवे असतात. दिवा कड्याच्या ओळीवर, पांढरा आणि ठाम वेळ पाळणारा असेल तर तोच आपला.

हवेत दमटपणा असेल आणि भिंग फिरतं असेल तर मनोऱ्याच्या जवळून चाकाच्या आऱ्यांसारखे झोत डोक्यावरून फिरताना दिसतात. एलईडीचा दिवा असेल तर ते दिसत नाहीत, सगळं एकदम उजळतं आणि विझतं. फोटो काढायचा तर तिकाटणं वाळूत खोल रोवा आणि शटर फेऱ्याच्या पूर्ण पटीत उघडं ठेवा: फेरा दहा सेकंदांचा असेल तर वीस किंवा तीस सेकंद. अर्धवट वेळ धरलीत तर फोटोत दिवा कधी येतो, कधी येत नाही. बॅटरीचा झोत समुद्राकडे मारत बसू नका. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, ती बॅटरीच्या एका झपक्याने फुकट जातात.

मुक्काम

दीपगृहाच्या आवारात कर्मचाऱ्यांची घरं असतात आणि कुठे कुठे पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी बंगला असतो. तिथे भाड्याने खोली मिळेल असं धरून निघू नका. आवारातच झोपायची हौस असेल आणि अमेरिकेत राहत असाल, तर कॅलिफोर्नियात ती भागते. पेस्काडेरोजवळच्या पिजन पॉइंटला १८७२ चा ११५ फुटी मनोरा आहे आणि त्याच्या रखवालदारांच्या घरांत वसतिगृह चालतं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या मराठी मंडळींना ते गाडीने सहज गाठता येतं.

कोकणात मात्र गावातच राहायचं, आणि ते जास्त चांगलं. घरगुती सोयी जवळपास सगळीकडे आहेत. एमटीडीसीची निवासस्थानं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे आहेत. खोली ठरवताना पाच गोष्टी विचारा. घर समुद्राकडे उघडं आहे की माडांच्या बागेमागे? रात्री वाळूवर जायची वाट फाटक न उघडता आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळेल, कारण झोत पाहून परतायला नऊ वाजतात आणि कोकणात स्वयंपाकघर त्याच्या आतच आवरतं? आणि मासे हवे असतील तर सकाळी किती वाजेपर्यंत सांगायचं?

दिव्याच्या बाबतीत एक अडचण लक्षात ठेवा. अनेक दीपगृहांत जमिनीकडच्या काचा झाकलेल्या असतात, म्हणजे वस्तीला त्रास नको आणि प्रकाश समुद्रावरच पडावा. त्यामुळे मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण त्याच्या पाठीमागे राहिलात तर रात्री काहीच दिसत नाही. दोन-पाच किलोमीटर बाजूच्या, समुद्राकडे वळलेल्या किनाऱ्यावरची खोली अधिक कामाची. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. तेव्हा खोलीही मिळत नाही आणि सज्जातही उभं राहायला जागा नसते.

उत्तरेकडून दक्षिणेकडे

अलिबागेकडून सुरुवात करायची तर पहिलं कोर्लई. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोळीवाड्यातून जाणारा अरुंद रस्ता थेट दीपगृहाशी संपतो. मोठी गाडी गावाबाहेर ठेवलेली बरी, कारण वाटेत मासे वाळत घातलेले असतात. गडाची वाट दीपगृहाच्या मागून वर जाते. क्रम उलटा करा: आधी तीनला गड, मग चारनंतर दीपगृह. नाहीतर गडावरून उतरता उतरता काळोख होतो. मुक्काम रेवदंड्याला.

पुढे मुरूड, आगरदांड्याहून दिघीला फेरी, श्रीवर्धन, बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी फेरी आणि मग केळशी-आंजर्ल्यावरून हर्णै. इथलं दीपगृह कनकदुर्गावर आहे, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. हर्णैचा प्रसिद्ध मासळी लिलावही संध्याकाळी याच सुमारास भरतो. तेव्हा एक दिवस दीपगृह आणि एक दिवस लिलाव, असे दोन मुक्काम करा.

दाभोळहून फेरीने धोपाव्याला उतरलं की अंजनवेल जवळच. टाळकेश्वराचं देऊळ, गोपाळगड आणि दीपगृह एकाच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, आणि जांभ्याचा दगड संध्याकाळपर्यंत तापलेला असतो. मुक्काम गुहागरला. दुसऱ्या दिवशी हेदवीवरून तवसाळ, आणि तिथून फेरीने जयगड. जयगडचं १९३२ चं दीपगृह लोखंडी ओतीव भागांचं आहे. जवळ कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे. तिथे आधी जाऊन या. मुक्कामाला गणपतीपुळे वीसेक किलोमीटरवर.

रत्नागिरीला आरे-वारेच्या रस्त्याने या. रत्नदुर्गावरचं दीपगृह १८६७ पासूनचं. इथे शहरातच राहता येतं, एसटी आणि रिक्षाने सगळं होतं, म्हणून गाडी नसलेल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी सुरुवात रत्नागिरीपासूनच करावी. खाली मिरकरवाडा बंदरात बोटींची जा-ये चालू असते, ती वरून बघताना इथे दिवा का लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच्या दक्षिणेला राजापूरच्या खाडीशी मुसाकाझी, मग देवगड (गडावरच, १९१५ चं), मग वेंगुर्ला बंदराच्या टेकडीवरचं. देवगडसाठी कुणकेश्वरला राहिलात तरी चालतं. वेंगुर्ल्याच्या टेकडीवरून स्वच्छ हवेत समुद्रातले वेंगुर्ला रॉक्स आणि त्यावरचं दुसरं दीपगृह दिसतं. या सगळ्या ठिकाणी एसटीने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा, कारण दीपगृहाची वेळ संपते तेव्हा ती बहुधा निघून गेलेली असते. उतरल्यावर रिक्षा थांबवून ठेवावी.

गोव्यात आग्वादला दोन मनोरे शेजारी आहेत. गडाच्या आतला चार मजली गोल मनोरा पोर्तुगीजांनी १८६४ मध्ये उभारला; तो १९७६ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी बाजूला नवा चौकोनी मनोरा कामाला लागला. जुना बाहेरूनच पाहायचा, वर जायचं ते नव्यावर, तेही संध्याकाळीच. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिन मठाची भली मोठी घंटा काही काळ आग्वादच्या जुन्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर गेली आणि अजून तिथेच आहे. दोन्ही एका दिवसात पाहून घ्या.

बेटावरची दीपगृहं आणि भरतीचा हिशेब

खांदेरी हे सगळ्यांत मोठं आकर्षण. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केलेलं बेट, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या मराठ्यांच्या गडकिल्ल्यांपैकी एक, आणि त्यावर १८६७ चं अष्टकोनी दीपगृह, आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. बोट थळच्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांची ठरवावी लागते. आदल्या दिवशी जाऊन तीन गोष्टी पक्क्या करा: सध्या उतरायला परवानगी आहे का, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळेल का, आणि परत किती वाजता. बेटावर मुक्काम करायचा नाही. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर न्या. वेताळाच्या देवळात कोळ्यांची श्रद्धा आहे, तिथे त्यांच्या रीतीने वागा.

इथे संध्याकाळचा नियम चालत नाही; सकाळीच निघायचं. दुपारी समुद्रावरून खारे वारे जोर धरतात आणि छोट्या बोटीला लाटा लागतात. शिवाय थळला बोट वाळूला लागायला पाणी हवं. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पूर्ण भरती सव्वादोनच्या सुमारास, आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर. अष्टमीला भरती सहाला, सुकती सव्वाबाराला. भरती दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला स्थानिकांचा शब्द प्रमाण. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, धक्क्यावर चढ-उतार अवघड होते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर अष्टमीच्या आसपासचा भांगाचा, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचा दिवस निवडा.

वेंगुर्ला रॉक्सकडे निवतीहून बोटी जातात. तिथे बोटीतूनच पाहायचं. खडकांवर लाटा आदळत असतात, आणि तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाखरांची लाळेची घरटी चोरली जात असत, त्यामुळे अनोळखी माणसं उतरणं कुणालाच आवडत नाही.

पावसाळ्यात बेटांचा विचार सोडा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि छोट्या बोटी नारळी पौर्णिमेपर्यंत वर ओढून ठेवलेल्या असतात. किनाऱ्यावरच्या दीपगृहांचे दिवे तेव्हाही लागतात, पण सज्जा वाऱ्यामुळे बंद ठेवतात आणि गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं. पाऊस धुऊन गेलेली ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली हवा सगळ्यात स्वच्छ. जानेवारीनंतर क्षितिजावर धुरकटपणा वाढत जातो आणि लांबचा दिवा अंधूक होतो. शेजारच्या दोन दीपगृहांचे झोत एकाच किनाऱ्यावरून पकडायचे असतील तर अमावस्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार रात्री धरा, आणि खोली त्या हिशेबाने महिनाभर आधी सांगून ठेवा.